अकरावा रकाना

आई शेवटची आमच्याकडे आली तो मंगळवार होता. गडहिंग्लजहून सकाळच्या एसटीने कोल्हापूरला उतरली, स्टँडवरून चालतच आली, आणि दारात चपला काढता काढता म्हणाली, "लिफ्टमध्ये कुणीतरी मला विचारलं, आजी, कितवा मजला? मी म्हटलं, आजी व्हायला अजून दोन महिने आहेत."

"ती लिफ्टच बोलते, आई."

"तेच म्हणते मी. तिला कुणी सांगितलं?"

तिने पिशवी उपसली. अळीव, डिंक, तिच्या जुन्या सुती साड्यांची चार दुपटी, आणि तळाशी टॉवेलमध्ये गुंडाळलेला, पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचा तो लाकडी कर्णा. चौतीस वर्षं तिने तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतिकक्ष सांभाळला, आणि एवढी एकच वस्तू तिथून निवृत्त होताना घरी आणली. माझ्या पोटावर चोवीस तास पट्टा होता. बाळाचे ठोके फोनवर दिसत. तरी तिने मला आडवं केलं, कर्णा टेकवून कान लावला आणि डोळे मिटले.

"एकशे चाळीस."

"फोन एकशे बेचाळीस म्हणतोय."

"मग दोनने चुकतोय तुझा फोन."

जेवणं झाल्यावर मी बर्थ प्लॅन काढला. आमच्या रुग्णालयात तो भरल्याशिवाय नाव नोंदत नाहीत. एकोणीस पानं, तेवीस रकाने. खोलीत उजेड किती हवा, वेदना कमी करायचं औषध कधी द्यायचं, नाळ कोण कापणार, बाळाला लगेच छातीवर द्यायचं की पुसून. बरेचसे मी भरले होते. अकराव्या रकान्यापाशी अडले होते, कारण तिथे माझ्या आईचंही निवेदन लागत होतं. मी टॅबलेट तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "इथे फक्त अंगठा दे."

ही माझी चूक. जिने आयुष्यात कुठल्याही बाईचा अंगठा कागद वाचून दाखवल्याशिवाय घेतला नाही, तिला मी म्हणत होते, फक्त अंगठा दे.

तिने चष्मा पुसला, टॅबलेट मांडीवर घेतला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मी स्वयंपाकघरात गेले. ओटा पुसला. पुसलेला ओटा परत पुसला. चौथा रकाना तिसऱ्या पानावर होता. प्रसूतीच्या वेळी खोलीत सोबत कोण हवं? दोन नावं चालत होती. मी एकच लिहिलं होतं, निनादचं. दुसरी ओळ कोरी होती.

असं का केलं, ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी काहीतरी नीटनेटकं उत्तर दिलं असतं. खरं कारण लहानपणापासूनचं आहे. आई ड्यूटीवरून आली की जेवताना बायकांच्या गोष्टी सांगायची. "आज एक आली होती, पहिलटकरीण, पायाळू मूल. पण तोंडातून आवाज नाही! ओठ आवळून पडून राहिली शेवटपर्यंत." हे सांगताना तिचे डोळे चमकायचे. नऊ वर्षांची असताना सायकलवरून पडून माझा हात मोडला. प्लास्टर होईपर्यंत मी रडले नाही. ते तिने पुढे वर्षभर सगळ्या वॉर्डाला सांगितलं. मी मोठ्याने रडू शकते, हे निनादला माहीत आहे. आईला नव्हतं.

ती वाचून संपवेपर्यंत पाऊण तास गेला. मी बाहेर आले तेव्हा ती चष्मा डब्यात ठेवत होती.

"दिला अंगठा," ती म्हणाली. "हल्ली अक्षर फार बारीक करतात गं."

एवढंच. चारच्या गाडीला निनाद तिला सोडायला निघाला, तेव्हा तिने जिन्यात त्याला थांबवलं.

"जावईबापू, आत गेल्यावर तिला बोटं धरू देऊ नका. कळ आली की बायका बोटं मोडतात. मनगट द्यायचं. असं." आणि तिने त्याचा हात घेऊन दाखवलं. "बोटं नाही, मनगट."

"मोडलं तर?"

"मनगट मोडलं तर पेन्शन मिळते," ती म्हणाली आणि हसत खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला हौसामावशीचा फोन आला. ती आईच्या शेजारीच राहते. प्रसूतिकक्षात आईच्या हाताखाली आया होती. "पोरी, सुलभाबाई उठंनात," म्हणाली. मेंदूतली रक्तवाहिनी झोपेतच फुटली होती.

*

दोन आठवड्यांनी रुग्णालयाचा निरोप आला. तुमच्या बर्थ प्लॅनमधील रकाना अकरा, पेशींची छाननी, अपूर्ण आहे. मी डॉक्टर तांबोळींकडे गेले. त्या बोलायला शांत आहेत आणि टेबलावर चिंचेच्या गोळ्यांची बरणी ठेवतात.

त्यांनी मला जे समजावलं ते असं. आई आणि पोटातलं मूल यांच्यामध्ये वार असते, आणि ती भिंतीसारखी दोघांना वेगळं ठेवते असं आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात ती थोडी झिरपते. आईच्या काही जिवंत पेशी मुलात जातात, मुलाच्या आईत. त्या तिथे रुजतात, वाढतात आणि पन्नास-साठ वर्षंही टिकतात. हे जुनंच संशोधन आहे. नवीन आहे ते मोजणारं यंत्र. माझ्या रक्तात दर लाख पेशींमागे तीन माझ्या आईच्या होत्या. आणि बाळंतपणात वार सुटताना रक्त मिसळतं, तेव्हा त्यातल्या काही माझ्या बाळात जाणार होत्या.

"अजून जिवंत?" मी विचारलं.

"पेशींना बातमी लागत नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांना स्वतःचंच बोलणं खटकलं असावं. त्यांनी बरणी माझ्याकडे सरकवली.

छाननी म्हणजे एक इंजेक्शन. कळा सुरू झाल्यावर देतात. आईच्या गुणसूत्रांतल्या ज्या अर्ध्या खुणा मला मिळाल्या नाहीत, त्यांवरून ते औषध तिच्या पेशी ओळखतं आणि तासाभरात संपवतं. मी घरी येईपर्यंत त्यावर विचार करत होते. जे मला तिच्याकडून मिळालं नाही, नेमकं त्यावरून ती सापडणार होती.

"पण संपवायच्या कशासाठी?" मी तिथेच डॉक्टरांना विचारलं.

"तुम्हाला थायरॉइड आहे ना? सव्विसाव्या वर्षापासून." त्यांनी पडद्यावर एक चित्र आणलं. दोन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यातून सुईने काढलेला नमुना होता. त्यात हिरवे ठिपके. "या तुमच्या आईच्या. रक्तापेक्षा इथे जास्त आहेत. जिथे इजा आहे तिथे त्या सापडतात."

"म्हणजे त्यांच्यामुळे झालं?"

"तेच माहीत नाही. जळत्या घराच्या फोटोत एक माणूस दिसतो. तो आग विझवायला आलाय की त्यानेच लावलीय, हे फोटोवरून कसं सांगणार? काही पेशी तिथे दुरुस्ती करताना आढळल्यात. काही भांडणाला निमित्त होताना. कधी कधी एकाच माणसात दोन्ही."

मी ठिपक्यांकडे पाहत राहिले. तिच्याबद्दल इतकं अचूक कुणी कधी बोललं नव्हतं.

"बाळासाठी चांगलं काय?"

"छाननी केलेल्या मुलांत पुढे असे विकार जरा कमी दिसतात. न केलेल्या मुलांत पहिल्या दोन वर्षांत ताप, न्यूमोनिया जरा कमी. दोन्ही फरक इतके लहान आहेत की माझी सख्खी बहीण विचारत होती, तिलाही मी सांगू शकले नाही. तुम्ही जे ठरवाल त्याने बाळाचं नुकसान होणार नाही, एवढं खात्रीने सांगते."

"आणि रिकामा ठेवला तर?"

"तर छाननी होते. नियम तसा आहे. नको असेल तर तसं सांगावं लागतं, कारणासह. कारण काहीही चालतं." मग त्यांनी थोडं थांबून पडदा खाली सरकवला. "तुमच्या आईंचं निवेदन फायलीत आहे. पाहायचंय?"

मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. माझ्या पेशींची छाननी करण्यास माझी हरकत नाही. खाली अंगठा. निवेदनात दुसराही पर्याय होता, छाननी होऊ नये अशी माझी इच्छा आहे. तो तिने घेतला नव्हता. आणि हे तिने चौथा रकाना वाचून झाल्यावर, दहा पानांनंतर केलं होतं.

*

पुढचे दिवस मी ते उत्तर बदलत राहिले. सकाळी करावी, दुपारी करू नये. तिची संमती आहे, म्हणजे तिला चालणार होतं. पण रागावून दिली असेल तर? राग नसेल, नर्स म्हणून सरळ विचार केला असेल तर? माझ्या गळ्याशी ती काय करत होती, मारामारी की मलमपट्टी? माणूस गेल्यावर त्याच्या तीन-तीन पेशींना धरून बसणं हा वेडेपणा, की आपल्या हाताने त्या मारून टाकणं हा? एका दुपारी टॅबलेट बोलला, "आपण हे उत्तर नऊ वेळा बदलले आहे. मदत हवी का?"

"हवी," मी म्हणाले.

"कृपया रकाना अकरा भरा," तो म्हणाला.

निनाद पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे. त्याला प्रश्न सुटे करून मांडायला आवडतं. त्याने एका कागदावर दोन बाजू लिहिल्या, माझ्यापुढे ठेवल्या आणि समोर बसला.

"बाळाच्या बाजूने बरोबरी आहे," तो म्हणाला. "तुझ्या तब्येतीच्या बाजूने बरोबरी आहे. आईंनी हरकत नाही म्हटलंय. मग अडलंय कुठे?"

"त्या मारल्या जातील, निनाद."

"आई गेल्या, ऋजुता. त्या पेशींना तुझं नावसुद्धा माहीत नाही."

"मला माहीत आहे ते."

"मग?"

"मी तिला आत घेतलं नाही. आता आहे तिथूनही काढू?"

तो हळूच म्हणाला, "तू चौथ्या रकान्याचं उत्तर अकराव्यात लिहितेयस."

मला त्याचा इतका राग आला की मी उठून दुसऱ्या खोलीत गेले. तो बरोबर होता म्हणून राग आला, हे कळायला मला संध्याकाळ लागली. पण चौथ्या रकान्यात आता काही लिहिता येत नव्हतं. तिथे आधार क्रमांक लागत होता, हयात व्यक्तीचा.

मी अकरावा रकाना पुन्हा रिकामा केला आणि तसाच ठेवला.

*

आठवा महिना संपत आला तेव्हा आम्ही गडहिंग्लजला गेलो. घर बंद करायचं होतं. निनाद पाण्याची टाकी रिकामी करायला गच्चीवर गेला. मी आईच्या कपाटापुढे उभी होते तेव्हा हौसामावशी चहा घेऊन आली आणि मला हाताला धरून बाहेर कट्ट्यावर बसवलं.

"उभी नगं ऱ्हाऊस. पाय सुजलेत बघ खांबावाणी."

मी चहा घेतला आणि सरळ विचारलं. "मावशी, त्या मंगळवारी आई परत आली, तेव्हा काही बोलली?"

हौसामावशीने आधी पदराने कपाळ पुसलं.

"हितंच बसली हुती. म्हणाली, हौसा, माझं नाव न्हाई त्यात."

मी कप कट्ट्यावर ठेवला.

"मी म्हटलं, मग इचारायचं न्हाईस व्हय पोरीला? भांडायचं. हक्क हाय तुझा. तर माझ्यावरच वराडली. म्हणाली, चौतीस वरीस मी येणाऱ्या पत्तेक बाईला एकच इचारलं, आत कोण पायजे. ती ज्याचं नाव सांगंल ते आत, बाकीचं समदं बाहेर. सासू असू दे, न्हाईतर आमदाराची बायकू असू दे. आता माझ्याच पोरीला दुसरा नियम लावू?"

ते खरं होतं. आईच्या कडक नियमाची ख्याती आसपासच्या गावांत होती. आमदारीणबाई दोन तास बाकावर बसल्याची गोष्ट मी कितीदा ऐकली होती.

"तिला वाईट वाटलं?"

"वाटलं की. खोटं कशाला बोलू. दोन घास जेवली." मग ती जरा हसली. "पर म्हणाली, हौसा, त्या बाहेरच्या बाकावर मी एकदा बी बसले न्हाई बघ. कसं वाटतं ते तरी कळंल. डबा घिऊन बसीन म्हणाली."

अंगठा रागाचा नव्हता. ती तिच्या नियमाप्रमाणे वागली होती. माझं उत्तर मीच द्यायचं, असं ठरवून ती बाजूला सरली होती. ज्या उत्तरासाठी मी इतके दिवस तिच्या अंगठ्याकडे बघत होते, ते तिने मुद्दाम तिथे ठेवलंच नव्हतं. माझा गोंधळ कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

"पर तू का न्हाई लिवलंस?" हौसामावशीने विचारलं.

मी कपातल्या सायीकडे बघत सांगितलं. म्हटलं, "मी ओरडले असते, मावशी. तिला न ओरडणाऱ्या बायका आवडायच्या."

हौसामावशी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. तोंडावर पदर धरून ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अगं बये! तुज्या येळेला तुजी आई केवढ्यांदा वराडली ठाव हाय का? मीच हुते आत. पार फाटकापतुर आवाज. रस्त्यावर रिक्षावाला थांबला, म्हणतो कुणाला मारायलाय काय आत! डॉक्टरला शिव्या दिल्यान. माज्या हाताची दोन बोटं मोडली." तिने उजवा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आजही थोडं वाकडं होतं. "दुसऱ्या दिशी शुद्धीत आल्यावर म्हणती कशी, हौसा, कुणाला सांगू नगंस. आन् तवापासनं जी बाई गप ऱ्हाईल तिचं कवतिक. आपल्याला जमलं न्हाई नव्हं ते."

मी तिची बोटं हातात घेतली. बोटं नाही, मनगट. हे ती कुठे शिकली ते आता मला कळलं.

*

कळा ठरलेल्या तारखेच्या बारा दिवस आधी, गुरुवारी सकाळी सुरू झाल्या. दुपारपर्यंत मी प्रसूतिकक्षात होते. सगळं बर्थ प्लॅनप्रमाणे चाललं होतं. उजेड मी मागितला तेवढा, पडदा मी मागितला त्या रंगाचा, आणि मला त्यातलं काहीही दिसत नव्हतं. निनाद डाव्या बाजूला होता. प्रत्येक कळेला तो मनगट पुढे करत होता, आणि मी ओरडत होते. पहिल्यांदा जरा लाजत. मग नाही.

तिथली सिस्टर तरुण होती, पंचविशीतली, छातीवर बिल्ला, श्रावणी. तिने छोटा ट्रे आणून माझ्या उशाशी ठेवला. त्यात एक सिरिंज होती, फिक्कट निळी.

"ताई, अकरा नंबर रिकामा आहे," ती म्हणाली. "रिकामा असला की आम्हाला द्यावं लागतं. डॉक्टर म्हणाल्या, एकदा विचार. आता सांगितलंत तरी चालतं. देऊ ना?"

मी निनादकडे पाहिलं तेव्हा त्याने फक्त मान हलवली. हो नव्हे, नाही नव्हे. तुझं तू सांग, अशी.

मला वाटलं होतं, ऐन वेळेला आतून काहीतरी सांगेल. काही सांगितलं नाही. आग लावणारी की विझवणारी, ते त्या क्षणीही मला माहीत नव्हतं. माझ्या बाळाला तिच्याकडून काय मिळणार, राखण की दुखणं, हेही नाही. माणसाला आत घेताना हे कुणाला माहीत असतं? एवढा एकच विचार आला, आणि तोही पुढच्या कळेने अर्ध्यावर तोडला. ती ओसरल्यावर मी म्हणाले, "नको."

"छाननी नको?"

"नको."

"ठीक आहे. मग कारण लागेल, ताई. तोंडी चालतं, इथेच रेकॉर्ड होतं." तिने टॅबलेट माझ्या तोंडाजवळ धरला. त्यावर लाल ठिपका लागला. तिला घाई होती, तरी घाई न दाखवता ती म्हणाली, "काहीही सांगा. वैयक्तिक कारण एवढं म्हटलंत तरी पुरे."

मी म्हणायला गेले, वैयक्तिक कारण. तोंड उघडलं. समोर लाल ठिपका होता, दाराच्या काचेपलीकडे भिंतीला लागून एक बाक होता आणि त्यावर कुणीही बसलेलं नव्हतं.

"चौथ्या रकान्यात दुसरं नाव लिहायचं राहिलं," मी म्हणाले. "सुलभा चौगुले."

"ताई, हा अकरावा..."

"माहीत आहे."

पुढची कळ येत होती. मला ती पाठीतून वर चढताना कळत होती, आणि तेवढ्यात बोलून घ्यायला हवं होतं. मी निनादचं मनगट धरलं. आणि ओरडूनच म्हणाले, फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "आई, मला तू आत हवी होतीस. पहिल्यापासून हवी होतीस."